कोंबड्याच्या तुऱ्याचा तराजू

गेल्या वर्षी वाशीतल्या एका प्रयोगशाळेतून पत्नीचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आलो. ‘कॉर्टिसॉल’ या शब्दापुढे एक आकडा होता. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यांतले दहा-पंधरा भाग १०० मिलीलिटर रक्तात! हे स्टेरॉइड जातीचे हार्मोन फारच कमी पडले तर जिवावर बेतते. एवढेसे रसायन तोलले कोणी आणि कोणत्या तराजूत, असा प्रश्न पडला.

पहिला तराजू होता कोंबडा. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. पण कोंबडा आरवतो कशाच्या बळावर? १८४९ साली जर्मनीत आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्यांचे तुरे सुकले, आरवणे-झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवले, अगदी दुसऱ्या कोंबड्याचे सुद्धा, ते पूर्वीसारखेच आरवत राहिले. जुन्या नसा तुटल्या होत्या; म्हणजे निरोप रक्तातून जात होता.

१९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी पुरुषांच्या हजारो लिटर मूत्रातून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. कोणत्या अर्कात ते आहे, हे सांगितले खच्ची कोंबड्याच्या वाढणाऱ्या तुऱ्याने.

पण रोग्याच्या चमचाभर रक्ताने तुरा कसा वाढणार? वाट दाखवली अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी, १९६०च्या सुमारास, इन्सुलिन मोजताना. वाशी लोकलचा डबा आठवा. जागा मोजक्या. त्या जागा म्हणजे प्रतिपिंडे. किरणोत्सर्गी खूण केलेले हार्मोन आणि रोग्याच्या रक्तातले हार्मोन त्यांसाठी झटतात. रोग्याचे जितके जास्त, तितके खुणेचे उभे राहतात. ते मोजले की हिशेब लागला. बर्सन १९७२ मध्ये वारले; यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. स्टेरॉइडचा रेणू इतका लहान, की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो प्रथिनाला जोडून सशाला टोचला, तेव्हा प्रतिपिंडे तयार झाली.

अशा तपासण्यांचे संच आमच्या वाशीतही, सेक्टर २० मधल्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत बनले. मुख्यतः थायरॉइडच्या हार्मोनसाठी. त्यांतले आयोडीन-१२५ दर ६० दिवसांनी निम्मे होते, म्हणून संच वेळेत वापरावा लागतो. आता बहुतेक प्रयोगशाळांत किरणांऐवजी प्रकाशाची खूण असते. प्रतिपिंडाची युक्ती मात्र तीच, जिवंत देहाकडून उसनी घेतलेली.

पत्नीचा आकडा ठीक निघाला. मी कागदाची घडी घातली आणि त्या कोंबड्यांना, सशांना मनातल्या मनात सलाम केला.