मेंदूतली तार नेमकी कुठे आहे?

औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स किंवा पार्किन्सन्स आजार असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवावे लागतात. ऑपरेशन व्यवस्थित होते आणि डॉक्टर सांगतात, "आता सीटी स्कॅन करू या." तुम्हाला वाटेल, एमआरआय तर आधीच झाला होता, मग हा खर्च कशाला? याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे.

1895 मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांनी हाडे आणि धातू स्पष्ट दिसू लागले, पण कवटीतला मऊ मेंदू काही दिसेना. 1918 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डॅन्डी यांनी युक्ती काढली. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. द्रव काढून तिथे हवा भरली, तर पोकळ्यांचा आकार एक्स-रेवर उमटतो. पुढे अशी हवा पाठीच्या कण्यातूनही सोडू लागले. त्यानंतर रुग्णाचे डोके असह्य दुखे, उलट्या होत. पण दुसरा उपाय नव्हता.

1947 मध्ये फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी माणसाच्या डोक्यावर मोजमापाची चौकट बसवली आणि अशाच एक्स-रेच्या आधारे मेंदूतल्या खोलवरच्या जागा गाठल्या. पॅरिसमध्ये ताले़राक यांनी पोकळीच्या कडेचे दोन ठळक बिंदू धरून मेंदूचा नकाशा तयार केला. फिट नेमकी कुठून सुरू होते हे शोधण्यासाठी ते आणि बांको मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घालू लागले. अडचण एकच होती: नकाशा दुसऱ्याच्या मेंदूचा, रुग्ण वेगळा. शेजाऱ्याच्या घराच्या आराखड्यावरून आपल्या घरातले कपाट शोधण्यासारखेच ते!

1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. 1980 च्या दशकात एमआरआय आला आणि प्रत्येकाचा स्वतःचा मेंदू बारकाईने दिसू लागला. मात्र एमआरआयमध्ये धातूभोवती काळी सावली पडते आणि तार आहे त्यापेक्षा जाड दिसते. सीटीमध्ये तार स्पष्ट, पण मेंदूचे बारकावे पुसट. म्हणून 1990 च्या दशकापासून संगणकाच्या मदतीने ऑपरेशनपूर्वीचा एमआरआय आणि नंतरचा सीटी एकमेकांवर तंतोतंत बसवू लागले. एकातून मेंदू कळतो, दुसऱ्यातून तार.

इतका काटेकोरपणा कशासाठी? पार्किन्सन्ससाठी वापरली जाणारी तार साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली, तर विजेचा प्रवाह शेजारच्या भागात जाऊन बोलणे अडखळू शकते, हात किंवा चेहरा ओढला जाऊ शकतो. फिट्सच्या रुग्णात तर, मेंदूचा कोणता भाग काढायचा आणि कोणता वाचवायचा, हे ठरवताना इलेक्ट्रोडची जागा अचूक माहीत असावीच लागते.

तेव्हा ऑपरेशननंतरचा स्कॅन टाळू नका. मेंदूत कायमची तार असेल, तर त्या यंत्राचे कार्ड सतत जवळ ठेवा. पुढे कोणत्याही कारणाने एमआरआय करायची वेळ आली, तर तपासणीच्या खोलीत जाण्यापूर्वी ते दाखवा. सर्वच यंत्रे एमआरआयमध्ये सुरक्षित नसतात.