हाली, कलदार आणि कॅशबॅक



आमच्या नांदेडच्या घराचं लाइट बिल, फोन, गॅस, सगळं हल्ली मुलगा पुण्यात बसून क्रेडिट कार्डाने भरतो. "बाबा, शंभराला एक रुपया परत मिळतो, फुकट!" म्हणतो. पण मराठवाड्यात माझ्या वयाच्या माणसाला तो एक रुपया ओळखीचा वाटतो. त्याचं जुनं नाव बट्टा.

नव्या पिढीसाठी सांगतो. नांदेड, लातूर हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा झाला 1982 मध्ये.) संस्थानाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सरकारी हिशेब 7 हालीला 6 कलदार. म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजायचे. बाजारातला भाव वरखाली व्हायचा, आणि मधे सराफ आपला बट्टा कापून घ्यायचा. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. गाडीत बसून बार्शीला उतरलं की इंग्रजी मुलूख, तिथे कलदार! लातूरचे व्यापारी ही गणितं तोंडी करत. संस्थान गेलं तरी हाली लगेच गेला नाही, तो पुरता बंद झाला 1959 साली. आमच्या घरी डब्यात त्यानंतरही काही नाणी होती.

आता कार्डाकडे येतो. तुम्ही दुकानात शंभराचं कार्ड घासता, तेव्हा दुकानदाराच्या हाती अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतात. कापलेल्या पैशांतला मोठा वाटा तुमच्या बँकेला मिळतो, आणि त्यातलाच एखादा रुपया ती तुम्हाला परत देते. युपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा हा बट्टा सरकारने जानेवारी 2020 पासून शून्य केला. तिथे वाटायला काही उरलंच नाही.

किराणावाला बट्टा भावात मिसळू शकतो. वीज कंपनीचे दर मात्र आयोग ठरवतो, मग ती बट्टा कुठून देणार? म्हणून 2020 मध्ये महावितरण 'ऑनलाइन भरणा निःशुल्क' म्हणत होती, तेव्हा क्रेडिट कार्ड त्यातून वगळलेलं होतं. 2024 मध्ये तर काही बँकांनी ठराविक रकमेच्या वरच्या बिलांवर उलट एक टक्का आकार लावला. आणि कार्डाचे पैसे मुदतीत भरले नाहीत तर व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. सावकार बरा म्हणायची वेळ!

मला खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या बाई त्याच दुकानातून त्याच भावाने साबण घेतात, रोख मोजून. आमच्या कार्डाचा बट्टा त्या भावात असेल तर माझ्या मुलाच्या रुपयात त्यांचेही काही पैसे आहेत. मुलाला हे पटत नाही. "बाबा, मी घेतला नाही तर बँक तो त्यांना थोडाच देणार आहे?" त्याचंही खोटं नाही.

महावितरण मात्र बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरणाऱ्याला एक टक्का सूट देत आली आहे, रोख भरा नाहीतर कसंही. बाईंना हे ठाऊक नव्हतं. आता त्यांचं बिल आलं की मीच फोनवरून भरतो, पैसे त्या मला रोख देतात. मागच्या वेळी सहा रुपये वाचले. "हे कोण देतं, सर?" त्यांनी विचारलं. मी बिलावर छापलेली ओळ दाखवली.