कुष्ठरोग : विकृती, कायदा आणि लोकमानस

इ. स. १८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तथापि हा रोग म्हणजे पापाचे फळ, ही समजूत भारतीय समाजात कायम राहिली. ब्रिटिश शासनाच्या १८९८ च्या कायद्यानेही व्रण दिसू लागलेल्या व्यक्तीस 'महारोगी' ठरविले आणि भीक मागणाऱ्या अशा रुग्णास वॉरंटाविना पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. वस्तुतः व्रण ही या रोगातील दुय्यम गुंतागुंत होय. मज्जातंतू निकामी झाल्याने चटका वा जखम जाणवत नाही आणि वारंवार इजा होऊन बोटे आखूड होतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथील कार्यातून दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो; आधीची विकृती मात्र उरते आणि समाज तिलाच रोग मानतो. बहिष्काराच्या भयाने रुग्ण रोग लपवितो, उपचार लांबतो आणि विकृती वाढते. बाबा आमटे यांच्या आनंदवनात उपचाराबरोबर श्रमालाही मिळालेले स्थान या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला. प्रभावी उपचार हाती आल्यानंतर विवाहविषयक कायदा बदलण्यास ३७ वर्षे लागली. लोकमानसातील बदल अद्याप अपूर्णच आहे.