रामदास बोट आणि रेवसचे कोळी

वाचकहो, नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्या माणसाने समुद्रावर काय बोलावे, असे तुम्ही म्हणाल. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण जरीपटका हे नाव मराठ्यांच्या निशाणाचे असले, तरी ही वस्ती वाढली ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी. त्यांतली कितीतरी कुटुंबे कराचीहून जहाजाने मुंबईला उतरली होती. माझ्या शेजारचे एक आजोबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. आयुष्यभर कापडाचे दुकान चालवलेला हा माणूस. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "प्रोफेसरसाहेब, आमची बोट बुडाली असती तर आम्हांला काढायला कोण आलं असतं?"

प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र त्याच वर्षाच्या पावसाळ्यात जावे लागते.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणजे लोकांच्या तोंडी गटारीचा. मुंबईत कामाला असलेली कोकणी माणसे सणाला घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे सुटली. ही बोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. तिच्या कंपनीने बोटींना संतांची नावे दिली होती, आणि त्यांतली 'तुकाराम' बोट १९२७ मध्येच 'जयंती' बोटीच्या सोबतीने एकाच दिवशी बुडाली होती. तरी माणसे चढत होती. गावी जायला दुसरे काय होते?

मुंबई ते रेवस हे अंतर ते केवढे! जेमतेम नऊ-दहा मैल. पण खाडीबाहेर वारा उठला, पाऊस आला. काशाच्या खडकाजवळ एक प्रचंड लाट बोटीवर आदळली. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, बोट कलली आणि पाहता पाहता पाण्याखाली गेली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लेकुरवाळ्या बाया, चाकरमानी, व्यापारी.

आता ऐका. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे इतक्या जवळ असूनही मुंबईला पत्ताच नाही. दुपार कलली तरी धक्क्यावरचे लोक आपापल्या कामात! बारकू मुकादम नावाचा रेवसचा कोवळा पोरगा कसाबसा तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, आणि त्याच्यासारख्या वाचलेल्यांच्या तोंडून बातमी कळली. सरकारी मदत निघायची ती त्यानंतर.

मग तोवर कोण आले? रेवसचे कोळी आले. मासळी घेऊन ते मुंबईच्या बाजाराला निघाले होते. पाण्यात माणसे दिसली, तशी त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. अशी पाऊणशे माणसे त्यांनी वाचवली असे सांगतात. शेतकरी वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बाजाराच्या वाटेवर भरलेली गाडी नाल्यात रिकामी करणे म्हणजे काय, हे ज्याने गाडी भरली आहे त्याला विचारावे. आणि होडी म्हणजे धर्मशाळा नव्हे. उसळत्या दर्यात एक माणूस जास्त झाला तर आतले सगळे जायचे.

इंग्लंडात या कामाची रीत वेगळी. तिथे सर विल्यम हिलरी या गृहस्थाने १८२४ साली बुडत्या जहाजांवरील माणसे वाचवण्यासाठी संस्था काढली. तीच आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. ती लोकांच्या देणग्यांवर चालते. किनाऱ्यावरच्या गावात एक शेड, तिच्यापासून पाण्यात उतरलेला उतार, आणि आत सदा सज्ज असलेली मजबूत नाव. खलाशी बहुतेक गावचेच, स्वयंसेवक. पूर्वी इशाऱ्याचा बार उडाला की कोळी जाळे टाकून आणि कारागीर हत्यार टाकून धावत.

म्हणून सगळे सुखरूप होत असे मात्र समजू नका. रामदास बुडण्याच्या तीनच महिने आधी, २३ एप्रिल १९४७ ला, वेल्समधल्या मम्बल्स गावची जीवरक्षक नाव 'सॅमटॅम्पा' जहाजाच्या मदतीला गेली. वादळात जहाजावरचे ३९ आणि नावेतले ८, सगळेच्या सगळे गेले. त्या आठजणांच्या स्मरणार्थ गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे. आपल्याकडे रामदासची गोष्ट निघाली की बुडालेल्यांचा आकडा सारे सांगतात. मासळी फेकणाऱ्यांची नावे सहसा कोणी घेत नाही. शिक्षकमित्रांनो, वैनगंगेकाठच्या तुमच्या गावात पुराच्या वेळी आधी कोणाचा डोंगा सुटतो? ढिवरांचा. त्यांची नावे शाळेच्या वहीत आहेत का?

पुढे भारतीय तटरक्षक दल उभे राहिले. १९७८ साली त्याचा कायदा झाला. आज समुद्रात संकट आले तर १५५४ या क्रमांकावर त्यांना कळवता येते. तरीही अंतर ते अंतरच. १४ मार्च २०२० ला गेटवेहून मांडव्याला निघालेली प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. रेवसपासून हे पाणी फार दूर नाही. बोटीत ८८ माणसे होती आणि सगळी वाचली, कारण पोलिसांची गस्तीची नाव तेव्हा जवळच होती. यंत्र हाक पोचवते, एवढेच. बुडणाऱ्याच्या हाताला लागते ती शेजारची नाव.

हे सारे मी शेजारच्या आजोबांना सांगितले. मम्बल्सच्या खलाशांच्या मागे राहिलेल्यांना संस्थेकडून निवृत्तिवेतन मिळे, हेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुकानदाराच्या सवयीने त्यांनी विचारले, "आणि त्या कोळ्यांना मासळीचे पैसे कोणी भरून दिले?"

मला उत्तर देता आले नाही.