दुखत नसताना दवाखान्यात

आमच्या मोडनिंबहून बार्शीला जायचे म्हटले की पूर्वी छोटी गाडी आठवायची. पंढरपूरकडून हेलकावे खात ती मोडनिंबला यायची, कुर्डुवाडीला जायची आणि तिथून पुढे बार्शी. १८९७ साली सुरू झालेली ही बार्शी लाइट रेल्वे. वारकरी, भुसार मालाचे व्यापारी, शेळ्या-कोंबड्यांसह बाजाराला निघालेल्या बाया, सगळे एकाच डब्यात. बार्शीला जाणे म्हणजे एक तर बाजाराला किंवा भगवंताच्या दर्शनाला. मी कॉलेजसाठी गेलो. पण त्याच बार्शीने आमच्या मुलखातल्या बायकांसाठी एक फार मोठे काम केले, आणि त्याची नोंद जगाने घेतली, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आज त्याच कामाविषयी बोलायचे आहे.

सुरुवात माझ्या फुफीपासून करतो. फुफी म्हणजे वडिलांची बहीण. अकाली विधवा झाली आणि माहेरी आली. आम्हा भावंडांना तिनेच वाढवले. सकाळी चुलीपुढे बसून ती दातांना मिश्री लावायची आणि आम्हाला एकेक गोष्ट सांगायची. मी आठवी-नववीत असताना तिच्या अंगावरून जाऊ लागले. पाळी जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. हे मला अर्थातच फार नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसायचे की फुफी परसात एकटीच धुणे धुते आणि वाळत घातलेल्या कापडावर दुसरे कापड टाकते. आईने विचारले तर म्हणायची, "कुछ नै होता, उमर का दुखना है." दर्ग्यातून ताईत आणला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या देवऋष्याकडून अंगारा आणून दिला. दुखण्याला जात नसते आणि उपायांनाही नसते. वर्ष-दीड वर्षाने कंबर धरून ती उठेना, तेव्हा वडिलांनी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, "गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. फार उशीर केलात." १९८४ च्या पावसाळ्यात ती गेली. मृत्यूची नोंद करताना कारण काय लिहायचे, असे विचारले तेव्हा घरातल्या कुणीतरी सांगितले, "अशक्तपणा." कॅन्सर हा शब्द घराच्या नावापुढे लागू नये, एवढीच त्यामागची भावना होती.

अशा किती फुफ्या, किती आत्या, किती माम्या अशक्तपणाने गेल्या असतील? कुणी मोजल्या होत्या? हा प्रश्न माझ्या मनात कवितेच्या वाटेने आला. पण काही माणसांच्या मनात तो शास्त्राच्या वाटेने आला होता.

आपल्याकडे कर्करोगाविरुद्धचे काम सुरू झाले मुंबईत. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले, ते १९४१ साली. पुढे १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली आणि १९६३ पासून मुंबईतल्या कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद सुरू झाली. खेड्याकडेही कुणी वळलेच नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडे तपासली. तंबाखू, मिश्री, विडी यांचा आणि तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचा संबंध त्यांनी मांडला. तो अहवाल १९७२ चा. तरीही एखाद्या ग्रामीण भागात दरवर्षी किती जणांना कर्करोग होतो, कोणता होतो आणि त्यातले किती जगतात, याची सलग वही आपल्या देशात नव्हती.

ती वही उघडली गेली बार्शीत. अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ साली कर्करोगाने गेल्या. त्यांचे नाव दिलेले कर्करोग रुग्णालय डॉ. भ. म. नेने यांच्यासारख्या सर्जनांच्या पुढाकाराने बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी उभे राहिले. याच रुग्णालयात १९८७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावे. बार्शी तालुका पूर्वीच्या इंग्रजी मुलखातला, परांडा-भूम निजामाच्या राज्यातले. ही जुनी शीव त्या वहीने सहज ओलांडली.

शहरातली नोंद सोपी असते. रुग्णालयांच्या कागदांतून नावे उतरवून घ्यायची. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, मग कागद कुठून येणार? म्हणून डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत उलटी केली. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, गुरुजी, दाई, जुनीजाणती माणसे यांना भेटायचे, चार बायका गोळा करून बोलायचे. "तुमच्यात कुणाला कॅन्सर आहे का?" असे विचारले तर दार बंद होणार, हे उघड होते. म्हणून खुणा विचारायच्या. पाळी गेल्यावर कुणाच्या अंगावर जाते का? कुणाच्या स्तनात गाठ आहे का? तोंडातली जखम महिना-महिना भरत नाही असे कुणी आहे का? असेल तर समजावून बार्शीला आणायचे. कवी म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते. रोगाचे नाव न घेता रोगाविषयी बोलायची भाषा त्यांनी शोधली, आणि ती बायकांच्याच तोंडची होती.

वहीतून दोन गोष्टी समोर आल्या. खेड्यातले कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी होते. पण बायकांमध्ये पहिला क्रमांक होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, म्हणजे माझ्या फुफीच्या आजाराचा. आणि बहुतेक जणी उशिरा येत होत्या. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नुसत्या या बोलण्या-सांगण्याने काही वर्षांत फरक पडला. लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले, असे बार्शीच्या मंडळींनी १९९५ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले. नवे यंत्र आले नव्हते. गावातल्या ओसरीवर चार शब्द बोलले गेले होते, एवढेच.

हा आजार मुळात सावकाश वाढणारा. मानवी पॅपिलोमा नावाच्या विषाणूचा संसर्ग अनेकींना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांचा जात नाही त्यांच्यापैकी काहींच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी बदलू लागतात. त्या बदलातून कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. हा विषाणूचा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळाले. म्हणजे निसर्गाने बाईला दहा वर्षांची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत कुणी डोकावून पाहिले, तर कर्करोग होण्याआधीच थांबवता येतो. पण त्या काळात काहीच दुखत नाही. आणि दुखत नसताना दवाखान्यात जायचे, ही कल्पनाच आपल्याकडे नाही.

याच ठिकाणी उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा अभ्यास येतो. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ च्या अखेरीस तो सुरू केला. डॉ. शंकरनारायणन त्याचे प्रमुख. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया. गटांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग केले. एका भागात विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशींची, म्हणजे पॅप तपासणी. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्यात नेहमीची व्यवस्था आणि माहिती.

माझी थोरली बहीण परांड्याकडच्या एका खेड्यात दिलेली. तिचे गाव तपासणीच्या भागात आले. नर्सबाई घरी आल्या तेव्हा भाऊजींनी विचारले, "हिला काय झालंय? मग तपासायचं कशाला?" बाई म्हणाल्या, "भाऊ, कोळपणी तुम्ही कधी करता? गवत पिकाच्या वर गेल्यावर?" भाऊजी गप्प बसले. बहीण गेली. काही दिवसांनी निरोप आला की पुन्हा यायचे आहे. ती रडत माझ्याकडे मोडनिंबला आली. आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे फुफीच होती. मी तिला घेऊन बार्शीला गेलो. तिथे डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले. "हा कॅन्सर नाही. त्याच्या कितीतरी अलीकडची खूण आहे. गोठवून काढून टाकू." थोड्याच वेळाचे काम होते. संध्याकाळी बहीण माझ्याबरोबर चालत स्टँडवर आली आणि तिने नातेवाइकांकडे न्यायला भगवंताच्या देवळापुढून पेढे घेतले. आज ती साठीला टेकली आहे. नातवंडांवर ओरडते.

या अभ्यासाचा निकाल अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन' या नामवंत नियतकालिकात एप्रिल २००९ मध्ये आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, तपासणी नसलेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, विषाणू तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. जगातल्या आरोग्य धोरणांमध्ये विषाणू तपासणीला आज जे स्थान आहे, त्यामागे परांडा-भूमकडच्या शेतकरी बायका आहेत.

पुढे या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्त आहे. त्या काळी आपल्या खेड्यांत तपासणीची सोयच नव्हती, हे त्यावरचे उत्तरही खरे आहे. मी शास्त्रज्ञ नाही, निवाडा करणार नाही. पण त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे एवढे नक्की. चिठ्ठी वेगळी निघती तर त्यांत माझी बहीण असती.

या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. परंतु मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या मुलींना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करवली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निकाल २०१३ साली जाहीर झाला.

बार्शीची आणखी एक गोष्ट सांगतो. २००९ साली देशात काही ठिकाणी मुलींना या विषाणूविरुद्धची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. त्यांत बार्शीही होती. दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या वादामुळे २०१० मध्ये सरकारने असे लसीकरण थांबवले. अनेक मुलींना ठरलेले डोस मिळालेच नाहीत. सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडले नाही. दहा वर्षे त्यांची विचारपूस ठेवली. २०२१ साली दिसले की एका डोसचे संरक्षणही जवळजवळ तेवढेच आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोस पुरेसा मानला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लसीला परवानगी मिळाली. अडलेल्या कामातूनही एवढे मोठे हाती लागले.

एवढे सगळे आपल्या अंगणात झाले. मग आज आपण कुठे आहोत? २०१६ साली केंद्र सरकारने तिशीवरच्या सर्वांची तोंडाची आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले की ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. ज्या जिल्ह्यांनी जगाला वाट दाखवली, त्यांच्याच देशाचा हा आकडा आहे.

छोटी गाडी आता राहिली नाही, रूळ रुंद झाले. बार्शी जवळ आली. पण ओसरीपासून दवाखान्यापर्यंतचे अंतर अजून तेवढेच आहे, कारण ते मैलांचे नाही, लाजेचे आहे. ते एकट्या बाईने तोडायचे नाही. घरातल्या पुरुषानेही तिला विचारले पाहिजे, सोबत गेले पाहिजे. माझ्या वडिलांना ते १९८३ साली सुचले नाही. त्यांचा दोष म्हणू नका, त्यांना कुणी सांगितले नव्हते.

आज मी तुम्हाला सांगितले आहे. घरात तिशी ओलांडलेली बाई असेल, बायको, बहीण, भावजय, तर तिला घेऊन एकदा सरकारी दवाखान्यात जा. काही दुखत नसतानाच जा. माझ्या फुफीचे नाव कोणत्याच खऱ्या वहीत नाही. बहिणीचे आहे, आणि त्याच्यापुढे 'हयात' असे लिहिलेले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)