घड्याळाची टिकटिक आणि नीराचा नकार

आज सिनेमाविषयी बोलायचं आहे, पण पडद्यावर काय दिसतं त्याविषयी नाही. कानांवर काय पडतं त्याविषयी.

घरी एक प्रयोग करून बघा. टीव्हीवर रहस्यपट लागला की ऐन भीतीच्या प्रसंगाला आवाज बंद करा. बाई जिना चढताना दिसेल, दार ढकलताना दिसेल, पण छातीत धडधड होणार नाही. मग आवाज सुरू करून डोळे मिटा. पदर आपोआप घट्ट धरला जाईल. पावसाळ्यात लाइट गेलेली असताना मागच्या पडवीत भांडं पडलं, की मांजर आहे की माणूस हे कळेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो ना? सिनेमावाले तेच करतात. आवाज आधी ऐकवतात, तो कशाचा ते उशिरा दाखवतात.

१९३१ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी ‘एम’ नावाचा बोलपट काढला. त्यात लहान मुलांचा खुनी एक ठरावीक धून शिट्टीवर वाजवतो. थोड्या वेळाने नुसती शिट्टी ऐकू आली तरी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. शेवटी त्याला ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला, त्या शिट्टीवरूनच.

आपल्याकडे तेव्हा बोलपट म्हणजे गाणीच गाणी. १९३२ च्या हिंदी ‘इंद्रसभे’त सत्तरच्या आसपास गाणी होती. त्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. प्रभात ही कोल्हापूरची, १९२९ ची कंपनी. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. तिथेच व्ही. शांताराम यांनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला.

‘कुंकू’ काही खुनाची गोष्ट नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. नीरा नावाच्या तरुण मुलीला फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतात. तो वकील, काकासाहेब. त्याची मुलंसुद्धा मोठी झालेली. नीरा त्याच्या घरात राहते, पण हे लग्न मला मान्य नाही, असं ठणकावून सांगते. नीरा झाल्या होत्या शांता आपटे आणि काकासाहेब झाले होते केशवराव दाते.

विषय नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्येच रंगभूमीवर आलं होतं. तिथेही म्हातारा नवरदेव आणि कोवळी मुलगी होती. पण ते संगीत नाटक, पदांनी भरलेलं. ‘कुंकू’त शांतारामांनी उलटी वाट धरली. गाणी ठेवली, केशवराव भोळे यांचं संगीत ठेवलं, पण प्रसंगांच्या मागे वाजणारं पार्श्वसंगीत काढून टाकलं. जो आवाज त्या घरात खरोखर होऊ शकतो, तोच ऐकू येतो. गाणंसुद्धा ग्रामोफोनच्या साथीनं येतं. आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं.

याने काय झालं? एरवी पार्श्वसंगीत आपल्याला आधीच सांगून ठेवतं, आता रडा, आता घाबरा. ते काढलं की प्रेक्षकाला कुणी हात धरून नेत नाही. कान टवकारतात. खोलीत नवरा-बायको समोरासमोर उभे आहेत, कुणीच बोलत नाही, आणि घड्याळ चालू आहे. आता काय होणार, ही धास्ती त्या शांततेतूनच तयार होते. शिवाय ते घड्याळ म्हणजे काकासाहेबांचं सरत आलेलं वयच. टिकटिक दोघांनाही ऐकू येते, पण तिला तिची तरुण वर्षं जाताना ऐकू येतात आणि त्याला आपला शेवट.

पुढे रहस्यपटांनी दोन्ही वाटा वापरल्या. हिचकॉक यांच्या ‘सायको’त, १९६० साली, न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी तंतुवाद्यं किंचाळतात, मूळ बेत मात्र तो प्रसंग संगीताशिवाय ठेवायचा होता. तीनच वर्षांनी ‘द बर्ड्स’मध्ये त्यांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, पक्ष्यांच्या आवाजावर भागवलं. मराठीत १९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. वकिलाची बायको वारलेली, आणि कोर्टात हुबेहूब तिच्यासारखी बाई आरोपी म्हणून उभी. त्यातल्या प्रेमाच्या गाण्यात बायको म्हणते, मी तुमच्या अवतीभवतीच राहीन. तेच गोड शब्द तिच्या मरणानंतर आठवले की अंगावर शहारा येतो. त्याच चित्रपटावरून १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ निघाला.

पण मला ‘कुंकू’च जवळचा वाटतो. शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय होतं १४. आज ते १८ आहे. तरीही लग्न ठरवायच्या बैठकीत आपण अजून ऐकतोच, “पोरगी काही बोलली नाही, म्हणजे तिला पसंत आहे.” मैत्रिणींनो, त्या वेळी घरात गडबड खूप असते. पाहुण्यांच्या गप्पा, कपबश्या, मोबाइलची गाणी. त्या गोंगाटात मुलीचं गप्प बसणं कुणाला ऐकूच येत नाही. शांतारामांनी मागचं सगळं संगीत बंद केलं, म्हणून नीराचा नकार तेव्हाच्या प्रेक्षकांना नीट ऐकू आला.

पुढच्या मासिक सभेत हप्ते आणि कर्जाचं काम आटोपलं की ‘कुंकू’ एकत्र बघूया. सासवांनी यावं आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींनीही यावं. आणि आपल्या वाडीत कुणा लहान मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा. फोन करायला पैसे पडत नाहीत.