खटला जिंकला, पण घर गेलं

नांदेड-लातूरकडून आषाढीला गावंच्या गावं पंढरपूरला जातात. त्याच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणारा हा माणूस पुढे जगभर गाजला. १९९१ ला पद्मविभूषण मिळालं.

हुसेन यांच्याआधी अकबर पदमसींचं सांगतो. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांचं प्रदर्शन होतं. 'लव्हर्स' ही चित्रं अश्लील आहेत, उतरवा, असं पोलीस म्हणाले. पदमसींनी साफ नकार दिला. खटला चालला, ते निर्दोष सुटले आणि विषय संपला. पुढे मुंबईतच त्यांनी 'मेटास्केप' ही अमूर्त निसर्गचित्रं रंगवली. सूर्य, चंद्र, पाणी यांचा नुसता भास, बाकी सगळा रंग.

हुसेन यांचा विषय मात्र संपला नाही.

त्यांचं सरस्वतीचं चित्र १९७० च्या दशकातलं. ओरड सुरू झाली १९९६ साली, एका हिंदी मासिकाने ते छापल्यावर. १९९८ ला बजरंग दलाच्या लोकांनी त्यांच्या मुंबईतल्या घरात घुसून तोडफोड केली. २००६ मध्ये नकाशाच्या आकारातल्या स्त्रीच्या चित्रावरून पुन्हा वाद पेटला. 'भारतमाता' हे नाव त्यांनी दिलेलंच नव्हतं. तक्रारी कुठं कुठं झाल्या? भोपाळ, इंदूर, राजकोट आणि पंढरपूर. होय, जन्मगावातसुद्धा! त्याच वर्षी त्यांनी देश सोडला.

८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. संजय किशन कौल यांनी हे खटले रद्द केले. नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी बसून चित्रं काढावीत, अशा अर्थाचं निकालात लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ केली नाही. तरी म्हातारा परत आला नाही. २०१० ला कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेला. दफनही तिकडेच.

१९५४ ला समोर सरकार होतं, कोर्टाचा कागद पुरला. २००८ ला समोर जमाव होता. जमाव निकाल वाचत नसतो.

चित्र आवडलं नाही तर जरूर बोला, लिहा, कोर्टातही जा. पण मंडळी, पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर असा एखादा फोटो आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा: हे चित्र कधीचं, आणि आजच का फिरतंय?